काट्यावरचे घरतदादा

जासईच्या एका कंटेनर यार्डात मी अकरा वर्षं गेटपास बनवले. कंपनीची बस नेरूळहून सकाळी साडेसातला निघायची आणि साडेआठच्या आत आम्हाला यार्डाच्या दारात उतरवायची. आत शिरलं की उजव्या हाताला वजनकाटा, त्याच्या कडेला पत्र्याची केबिन, आणि केबिनच्या दारात हातात फडकं घेतलेले गजानन घरत. आम्ही पोचायच्या आधीच त्यांची पुसापुशी निम्मी झालेली असायची. यार्डातली धूळ साधी नसते. ट्रेलरच्या चाकांनी उडवलेली माती, सिमेंट, डिझेलची काजळी आणि वर खाडीवरून येणारा खारट ओलावा. ती नुसती बसत नाही, खाते. पत्रा खाते, वायरी खाते. घरतदादा तिला 'म्हातारी' म्हणायचे. "आज म्हातारी लय खवळलीय, बाय," असं म्हणत ते कॉम्प्युटरच्या मागच्या जाळीतून ब्रश फिरवत राहायचे.

काटा म्हणजे जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी पाट. भरलेला ट्रेलर त्यावर उभा राहिला की वजनाचा आकडा केबिनमधल्या कॉम्प्युटरवर उमटायचा. वर लावलेला कॅमेरा गाडीचा फोटो काढायचा आणि पावती छापून यायची. ती पावती माझ्या खिडकीत यायची, मी तिच्यावरून गेटपास बनवायचे, गाडी बाहेर. यार्डात साहेब पुष्कळ होते, पण भरलेली गाडी सुटायची ती या दोन खिडक्यांतून.

ठेंगणा बांधा, जाड भिंगांचा चष्मा, खिशात पेनाऐवजी टेस्टर. पेन हवं असलं की माझ्याकडून नेणार आणि टोपणासकट परत आणून देणार. त्यांच्या बापाची भातशेती बंदराच्या पट्ट्यात गेली. त्यांनी स्वतः तरुणपणी उरणला रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले आणि पुढे या यार्डात काट्यावर लागले. कॉम्प्युटर कुठे शिकलात, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "मोडून शिकलो. आदी मोडायचा, मंग जोडायचा. जोडता नाय आला त शिव्या खायाच्या." त्यांच्या बोलण्यात आगरी वळण होतं. साहेबलोकांशी बोलताना ते 'आहे, नाही' असं जपून बोलायचे, पण चिडले किंवा खूश झाले की 'हाय, नाय' वर यायचे. माझ्याशी पहिले सहा महिने 'मॅडम, तुमी' होतं. एकदा माझ्या डब्यातलं मेतकूट त्यांनी चाखलं, त्यांच्या डब्यातलं सुकट मला दिलं, आणि तेव्हापासून मी 'बाय' झाले, 'तू' झाले. ते वयाने मोठे, म्हणून माझ्याकडून 'दादा, तुम्ही' तसंच राहिलं.

"काटा बोलतो ता खरा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा एका एजंटाचा माणूस कागद नाचवत केबिनवर चढला. कंटेनरचं वजन कागदापेक्षा दोन टन जास्त आलं होतं आणि तुमचा काटाच खोटा आहे, असं त्याचं म्हणणं. पाट रिकामा झाल्यावर घरतदादा त्याला म्हणाले, "साहेब, जरा उतरून तिथं मधी उभे राव्हा." तो उभा राहिला. आकडा आला नव्वद किलो. दादांनी त्याला त्याच्या फोटोसकट पावती छापून दिली. "बरोबर हाय का? घरी जाऊन वयनींना इचारा." माणूस लाजला, हसला आणि गाडी परत आत घेऊन गेला. त्या दिवशी सगळं यार्ड हसत होतं.

तो कॉम्प्युटर मी लागले तेव्हाही जुनाच होता. काट्याचा प्रोग्राम ज्या कंपनीने बनवला ती केव्हाच बंद झालेली. एका पावसाळ्यात मशीन बसलं. मुख्य ऑफिसातून टाय लावलेला एक जण आला, त्याने चालू-बंद करून पाहिलं आणि सगळं भंगारात काढा म्हणाला. घरतदादांनी बाहेरच्या नळाला हात लावला. अंगातली वीज उतरवायला ते दर वेळी तसं करायचे. मग त्यांनी डबा उघडला. आतला मदरबोर्ड, म्हणजे ज्या हिरव्या पाटावर बाकी सगळं बसतं तो, गंजून गेला होता. त्यांनी एकेक भाग सोडवला, वर्तमानपत्रावर मांडला, पुसला, दुसऱ्या मशीनला लावून तपासला. प्रोसेसर चालू. मेमरी चालू. हार्ड डिस्क चालू. कॅमेऱ्याचं कार्ड चालू.

"मेला यो एकला," बोर्ड हातात धरून ते टायवाल्याला म्हणाले, "न तुमी तिरडीवर आख्खा घर चढवताव?"

कुठूनसा त्याच जातीचा बोर्ड आणून त्यांनी तो बसवला आणि बाकी सगळं होतं तसंच त्यावर परत लावलं. दुसऱ्या दिवशी काटा सुरू. पुढे आणखी एकदा असंच झालं. कंपनीने त्याबद्दल त्यांचं कधी नाव घेतलं नाही, आणि त्यांनीही ते काढलं नाही.

आता ज्या मंगळवारामुळे हे सगळं लिहायला बसले, तिथे यायला हवं.

यार्डाच्या वळणावर बसथांबा होता. दिवाळे गावाहून सोनाबाई म्हणून एक कोळीण आठवड्यातून दोनदा तिथे टोपली घेऊन बसायची. यार्डातल्या अर्ध्या बायका तिच्याकडून मासळी घ्यायच्या, मीही घ्यायचे. त्या मंगळवारी सकाळीच मी तिच्याकडून बोंबील घेतले होते.

दहाच्या सुमाराला पोलादाच्या गुंडाळ्या भरलेला एक ट्रेलर काट्यावर आला. कागदावर सव्वीस टन. काट्यावर अडतीस. घरतदादांनी पावती छापली, लाल रेघ मारली आणि गाडी मागे घ्यायला सांगितलं. चालक बाळू म्हणून बीडकडचा होता, पंचविशीतला. तो मुकाट्याने मागे गेला. अर्ध्या तासाने मॅनेजर माझ्या खिडकीत आले. त्यांच्या हातात हाताने लिहिलेली दुसरी पावती होती, सव्वीस टनांची.

"हे वजन टाका, मॅडम. पार्टी मोठी आहे, जहाज सुटेल. काट्याची पावती राहू दे बाजूला."

मी टाकलं. असं आधीही दोन-तीनदा टाकलं होतं. हे इथे स्पष्ट लिहिते. माझ्या बोटांनी सव्वीस लिहिलं आणि गाडी मागच्या गेटने बाहेर पडली. घरतदादांना पत्ताच नव्हता.

आवाज आला तेव्हा आम्ही सगळे बाहेर धावलो. वळणावर ट्रेलर आडवा झाला होता. बाळू काचेतून बाहेर फेकला गेल्यामुळे वाचला. बसथांब्याचं छप्पर कंटेनरखाली होतं, आणि छपराखाली सोनाबाई. बाजूला डांबरावर मासळी पसरली होती. कंटेनर उचलायला दुसरं काही जवळ नव्हतं म्हणून आमच्याच यार्डातली क्रेन नेली. तासाभराने तिला काढलं. घरतदादा शेवटपर्यंत तिथे उभे होते. परत आले ते सरळ माझ्या खिडकीशी.

"ती गाडी मी मागं घाडली व्हती," ते म्हणाले. "भायेर कशी गेली?"

मी गेटपासचं पुस्तक त्यांच्यासमोर सरकवलं. त्यांनी आकडा वाचला. माझ्याकडे बघितलं, पुस्तक बंद केलं आणि केबिनमध्ये गेले.

पोलिसांनी बाळूला धरलं. बेफाम गाडी चालवून सोनाबाईचा जीव घेतला, असा गुन्हा. मॅनेजरांनी त्यांना सव्वीस टनांची पावती दिली. गुरुवारी दुपारी वीज गेली, जनरेटर लागताना दाब वाढला आणि काट्याचा कॉम्प्युटर जळका वास सोडून बंद पडला. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. पण मॅनेजरांनी ज्या घाईने फर्मान काढलं ते मला आठवतं. जुन्याला कुणी हात लावायचा नाही. सोमवारी नवीन मशीन येईल. जुनं डिस्कसकट भंगारात.

गाडी जादा वजनाने उलटली हे दाखवणारी अडतीस टनांची नोंद फक्त त्या डिस्कवर होती. मंगळवारची मूळ पावती मॅनेजरांनी फाडली होती.

शुक्रवारी घरतदादा रजा टाकून तुर्भ्याला भंगारवाल्यांकडे गेले. नवे बोर्ड हवे तितके मिळत होते. पण त्यांवर काट्याची जुनी वायर लावायला जागा नव्हती, जुनी मेमरी बसत नव्हती, आणि परक्या बोर्डावर डिस्कमधला जुना प्रोग्राम चालूच झाला नसता. "तोच नाय त त्याचा सख्खा भाऊस तरी पायजे," असं त्यांनी मला नंतर सांगितलं. संध्याकाळपर्यंत हिंडून त्यांना एक मिळाला.

शनिवारी अर्धा दिवस असायचा. दुपारी दोनला यार्ड ओस पडलं तशी मी केबिनमध्ये गेले. का गेले, नक्की सांगता येणार नाही. मंगळवारपासून मला नीट जेवण गेलं नव्हतं. त्यांनी वर पाहिलं, टॉर्च माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हितं धर."

नळाला हात लावून आले. डबा उघडला. जळका बोर्ड सोडवताना स्क्रू एका वाटीत टाकत गेले. प्रोसेसर काढला, त्यावरची वाळलेली पेस्ट कापसाने पुसली, नवी लावली. मेमरीच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. सगळं तुर्भ्याहून आणलेल्या बोर्डावर बसवताना ते श्वास रोखून धरत होते. शेवटी डिस्कची पट्टी लावली, काट्याची वायर लावली, बटण दाबलं. पहिल्यांदा काहीच नाही. त्यांनी मेमरी काढून परत बसवली. दुसऱ्यांदा पंखा फिरला, पडदा उजळला, मग बराच वेळ काळा राहिला आणि एकदाचा काट्याचा प्रोग्राम उघडला. मंगळवारची यादी. ती गाडी. फोटोत नंबरप्लेट स्पष्ट, खिडकीतून बाहेर काढलेला बाळूचा कोपर. अडतीस टन.

त्यांनी पावती छापली.

"ही मी त्या पोराच्या वकिलाला देनार," ते म्हणाले. "बाय, तुजा गेटपास पन निघंल यात. तू सांगितलास का मॅनेजरनी तुला ल्ह्याला लावला, त पोरगा सुटंल."

माझा नवरा तेव्हा आजारी, घरी बसून. मुलगा दहावीला. हे मी त्यांना सांगितलं. ते त्यांना माहीतच होतं. शेवटी मी म्हटलं, "दादा, माझं नाव नका येऊ देऊ. मी इथे होते हेसुद्धा नका सांगू."

ते वाटीतले उरलेले स्क्रू निवडत बसले. मग म्हणाले, "बरा."

"ती डिस्कच घेऊन ठेवा ना मग," मी म्हटलं. "सोमवारी नेतील."

"डिस्क कंपनीची हाय. चोरी करून खरा कसा सांगू?"

सोमवारी मॅनेजरांनी चालू काटा पाहिला. तासाभरात मशीन उचलून नेलं. पावती वकिलाकडे पोचल्याचं कळलं त्या आठवड्यात घरतदादांना पत्र मिळालं. परवानगीशिवाय मशीन उघडून त्यात फेरफार केल्याबद्दल कामावरून कमी. एकवीस वर्षं झाली होती. ते केबिन पुसून गेले.

खटला उभा राहायला दीड वर्ष लागलं. गेटपासचं पुस्तक दाखवायला मॅनेजरांनी मला कोर्टात नेलं होतं. मी मागच्या बाकावर ते मांडीवर घेऊन बसले. घरतदादा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. बाळूच्या वकिलाने पावती दाखवली, दादांनी सगळं क्रमाने सांगितलं. मग सरकारी वकील उठले.

"पावतीच्या तळाला तारीख काय आहे, वाचा."

दादांनी चष्मा सारखा केला. कागद वाचला, परत वाचला. "एक जानेवारी दोन हजार दोन," ते म्हणाले.

बोर्ड बदलला की त्याच्यातलं घड्याळ मागे जातं. दर वेळी ते आधी तारीख लावायचे. त्या शनिवारी घाईत राहून गेलं होतं.

"साहेब, ती छापायची तारीख हाय. मोजायची वरती हाय, ती बघा. ती बरोबर हाय."

"एकाच कागदावर एक तारीख खोटी, एक खरी?"

"मी इसरलो टाकाया."

"तुम्ही मशीनचा मुख्य बोर्डच बदललात. मग हे मशीन तेच राहिलं का?"

"बाकी समदा तोच हाय, साहेब. डिस्क तीच, काटा तोच. फकस्त बोर्ड—"

"ती डिस्क कुठे आहे?"

"कंपनीनी नेली."

"तुम्ही हे उघडलंत, बदललंत, छापलंत. तेव्हा तिथे दुसरं कोण होतं? एक नाव सांगा."

घरतदादांनी मान वळवली नाही. मी त्यांच्या पाठीपासून दहा-बारा फुटांवर होते. सदऱ्याच्या मागच्या बाजूला घामाचा पट्टा उमटला होता. मला उठायला पुष्कळ वेळ मिळाला. तो वेळ किती होता, ते मी अजून मोजते आहे.

"कोन नवता," ते म्हणाले. "मी एकलाच व्हतो."

पावती कोर्टाने पुरावा म्हणून मानली नाही. बाळूला दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याची आई बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. तिला निकाल कुणी समजावून सांगितला नव्हता, ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती. घरतदादा तिच्याशेजारी खाली बसले आणि तिला सांगू लागले. मी मॅनेजरांच्या गाडीतून परत आले.

यार्डातून मी पुढच्या वर्षी बाहेर पडले आणि नेरूळमध्येच एका शाळेच्या ऑफिसात लागले. घरतदादांबद्दल अधूनमधून कळायचं. मशीनमध्ये फेरफार करणारा माणूस म्हणून यार्डवाल्यांनी त्यांना कुठेच उभं केलं नाही. घराच्या ओट्यावर मोबाइल दुरुस्तीचं टेबल टाकलं, ते फार चाललं नाही. मग उलव्याच्या एका सोसायटीत वॉचमन. तिथेच गेटवर एका सकाळी ते कोसळले. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं.

मी भेटायला गेले तेव्हा या गोष्टीला चार महिने झाले होते. जासईतलं घर रस्त्याला लागून, समोरून ट्रेलरची रांग. दादा खिडकीशेजारी खाटेवर होते, पाठीला उश्या लावून. दाढी वाढलेली. माझ्याकडे पाहिल्यावर त्यांनी ओळखलं, ते डोळ्यांत दिसलं. त्यांची बायको, मंजुळावहिनी, मला पहिल्यांदाच भेटत होती. यार्डातली मॅडम एवढंच तिला माहीत. तिने माझा हात धरून बसवलं आणि बोलत सुटली. कुणीतरी ऐकायला आल्यासारखी.

"यार्डातला कोन येत नाय, बाय. तू आलीस. ह्यांना लोक चोर बोलतात. ह्यांनी कवा कोनाचा खिळा नाय आनला घरान." तिने पदराने डोळे टिपले. "मी रोज ह्यांना बोलायची. त्या दिवशी तुमच्या बाजूला एक मानूस उभा असता त ही येल आली नसती. एक. एकलाच कशाला गेलाव उघडाया?"

मी मान खाली घातली. मग वर पाहिलं. घरतदादा माझ्याकडे बघत होते. त्यांचा डावा हात गोधडीवर हलला आणि तोंड वाकडं होऊन, दोनदा अडकून, एक शब्द निघाला.

"च्या."

"काय गो, बघ! मी बोलतच बसली," वहिनी उठली. "च्या टाकते. बस."

ती आत गेली. स्टोव्हचा आवाज आला. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी सांगू शकले असते, निदान त्यांना. तोंड उघडलंही होतं. त्यांनी मान हळूहळू खिडकीकडे वळवली आणि बाहेर बघत राहिले. एक भरलेला ट्रेलर गेला, मग दुसरा, आणि घराची जमीन हलत राहिली. चहा आला. गोड होता, मी सगळा प्यायले. वहिनीने परत यायला सांगितलं, मी हो म्हटलं.

उठताना मी म्हटलं, "येते, दादा."

त्यांनी मान वळवली नाही.